एका म्यानातील दोन तलवारी

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासपर चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपण नेहमीच वाचतो. म्हणून यंदा आम्ही शिक्षकांच्या एका कलहाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. मंडळीत न सामावणाऱ्या सहकाऱ्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी हे तिचे आरंभीचे आधारस्तंभ. लवकरच गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. असा हा जिवाभावाचा स्नेह!

परंतु पुढे काय झाले? समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघांची मते जुळेनात. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी'चे संपादकत्व सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. इकडे सोसायटीतही खटके उडू लागले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर राहावे, आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा व बाहेरची कामे अंगावर घेऊ नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. इतरांस तो जाचक वाटे. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपास गेला. आणि त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला.

येथे सुज्ञ वाचकांनी क्षणभर थांबावे. टिळक अयोग्य शिक्षक होते काय? गणितात त्यांचा हातखंडा होता. मग बाकीचे आळशी वा स्वार्थी होते काय? तसेही म्हणवत नाही; गोखल्यांनी पुढे १९०२ पर्यंत त्याच संस्थेची सेवा केली. दोष माणसांत नव्हता, जोडणीत होता. संस्था दहा जणांच्या संमतीने चालते. टिळकांचा पिंड एकहाती झुंजणाऱ्याचा. वियोगानंतर 'केसरी' त्यांच्या हाती राष्ट्राचे शस्त्र झाला, आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि कॉलेज आजही उभे आहे. विभक्त होण्याने कोणाचेही कार्य बुडाले नाही.

बुडाले ते मैत्र. पुढील काही वर्षे दोन्ही पत्रांतून परस्परांवर कठोर प्रहार झाले. १७ जून १८९५ रोजी आगरकर अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांचा गौरव केला. पण तो गौरव ऐकण्यास आगरकर कोठे होते?

हे वाचताना आम्हांस आमचीच एक चूक आठवते. आम्ही ज्या शाळेत होतो, तेथे एक चित्रकलेचे गुरुजी होते. त्यांच्याकडे गणिताचे तास दिले गेले. वर्गात गोंधळ होऊ लागला. सहकाऱ्यांच्या तक्रारअर्जावर आम्हीही सही केली. त्यांना प्रथम एकांतात बोलावून विचारावे, त्यांचे तास बदलून पाहावेत, हे कोणासही सुचले नाही. गुरुजी शाळा सोडून गेले; दुसऱ्या गावी त्यांचे विद्यार्थी चित्रकलेच्या परीक्षांत चमकले. त्यांची क्षमा मागण्याचे आमच्या मनात फार होते. परंतु तोवर ते इहलोक सोडून गेले होते.

आपल्या मंडळाची वसतिगृहे, पतपेढ्या व समित्या चालविताना बंधुभगिनींनी एवढे ध्यानी धरावे. काम न जमणाऱ्यास आधी स्पष्ट पण खासगीत सांगावे. त्याच्या गुणांस साजेसे दुसरे काम देऊन पाहावे. आणि तरीही न जमल्यास सन्मानाने निरोप द्यावा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे खरे. म्हणून त्यातील एक मोडलीच पाहिजे असे मात्र नाही. तिच्यासाठी दुसरे म्यान शोधावे, हेच शहाणपण होय.