सुरतेतील मराठी माध्यमाच्या पालिका शाळा : इमारत, शिक्षक आणि पट

पांडेसरा, बमरोली, उधना, डिंडोली, लिंबायत या पट्ट्यातील बहुतेक मराठी कुटुंबे मूळची खानदेशातली. ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर अमळनेरपर्यंत पोहोचली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्या माणसांना सुरत जवळ आली. पुढे पांडेसरा जीआयडीसीतील डाइंग-प्रिंटिंग मिल आणि आसपासचे लूम यांच्यामागे वस्ती वाढत गेली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. इतक्या भाषांत मुले शिकवणाऱ्या पालिका देशात थोड्याच असतील.

ही समिती ज्या चौकटीत काम करते ती १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याची. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले, तरी कायदा इथे पुढे चालू राहिला. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाचा आधार मात्र राज्यघटनेत आहे. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी अशी सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. त्याआधी १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला होता, की शाळेत एका भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. शिक्षण हक्क कायदाही मातृभाषेचे माध्यम सांगतो, पण 'शक्य असेल तेथवर' अशी पुस्ती जोडून. ही पुस्ती आपण विसरू नये.

इमारतीच्या बाबतीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खूप पैसा आला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान, मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा. या कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, मैदान, ग्रंथालय हे सगळे लिहून दिलेले आहे. राज्य सरकारने २००३ पासून शाळा प्रवेशोत्सव आणि २००९ पासून गुणोत्सव सुरू केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मिशन स्कूल्स ऑफ एक्सलन्स' जाहीर झाले, एकूण १०,००० कोटी रुपयांचे. नव्या वर्गखोल्या, स्मार्ट बोर्ड, संगणक कक्ष त्यातून होतात. काही रक्कम जागतिक बँकेच्या कर्जाची आहे. फरक डोळ्यांना दिसतो, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण स्मार्ट बोर्ड सगळ्या भाषांत चालतो, शिक्षक चालत नाही. पहिली ते पाचवीसाठी कायद्याचा हिशेब असा : ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे साठावर एक मूल वाढले की एक शिक्षक वाढतो, आणि एकसष्टातले एक गेले की एक कमी होतो. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता, म्हणजे एका खोलीत दोन-तीन वर्ग एकत्र. ते पाहून आणखी एक पालक मुलाला गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतो, आणि पट आणखी खाली येतो.

मंजूर जागांपैकी १० टक्क्यांहून जास्त रिकाम्या ठेवू नयेत, असे कायद्याचे कलम २६ सांगते. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे सरकारी काम देता येत नाही. भरतीची वाट मात्र लांब आहे. मराठीत पदविका घेतलेल्या उमेदवारालाही गुजरातची टेट द्यावी लागते. कायम भरतीत 'विद्यासहायक' म्हणून पहिली पाच वर्षे ठरावीक पगार. २०२३ पासून 'ज्ञानसहायक' नेमले जातात : ११ महिन्यांचा करार, प्राथमिकला महिना २१,००० रुपये. दर वर्षी करार संपणारा माणूस या पगारात मुलांची अहिराणी समजून घेऊन तिच्यावरून प्रमाण मराठीकडे आणि तिथून गुजरातीकडे नेईल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

गुजराती तर आता टाळता येत नाही. २०२३ च्या कायद्याने ती पहिली ते आठवी सर्व शाळांत सक्तीची आहे, आणि इथे राहायचे तर ती यायलाच हवी. पुस्तके गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, मराठीत छापलेली असतात. गावाहून आणलेले बालभारतीचे पुस्तक वाचनाला चांगले, पण इथला अभ्यासक्रम वेगळा.

एक गोष्ट बँकेतल्या अनुभवावरून. इथल्या दाखल्यावर आडनाव आधी येते आणि वडिलांच्या नावाला 'भाई' लागतो. आधार कार्ड गावाकडचे असेल तर त्यावर ते नसते. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा व्हायची तर दोन्हीकडे नाव सारखे हवे. नुसत्या या 'भाई'पायी अडकलेली मुलांची कितीतरी खाती मी खिडकीवर पाहिली. प्रवेशाच्या वेळीच नाव तपासून घ्यावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, तेव्हा शिक्षकांच्या रिकाम्या जागा त्यात लिहून द्याव्यात. बैठक दिवसपाळीच्या वेळेत पडते आणि मिलमधला बाप येऊ शकत नाही. आई येऊ शकते, आणि कायद्याने निम्म्या जागा तिच्याच आहेत.

प्रवेशाचे वय १ जूनला ६ वर्षे पूर्ण, त्याआधी बालवाटिका. आखाजीला गावी गेलेली कुटुंबे पाऊस पडेपर्यंत परतत नाहीत आणि जूनच्या पटावर मुलाचे नाव येत नाही. उशीर झाला किंवा जन्माचा दाखला नसला, तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४ व १५). गावच्या जिल्हा परिषद शाळेचा दाखला मागाहून दिला तरी चालतो.