वाक्याचा उरलेला अर्धा भाग

आजचा विषय आपण मंडळीत काढत नाही आणि स्वयंपाकघरातही दार लोटूनच बोलतो. तो म्हणजे नवरा-बायकोचा शरीरसंबंध, आणि त्यात बाईची इच्छा. लग्न ठरलेल्या ख्रिस्ती मुलीला कुणीतरी मोठं माणूस सांगतं, "आता तुझं शरीर तुझं नाही, नवऱ्याचं. शास्त्रात तसं आहे." शास्त्रात आहे, हे खरं. पण ते वाक्य तिथे संपत नाही. उरलेल्या अर्ध्या भागाचं काय झालं, ते आज पाहू.

करिंथ हे ग्रीसमधलं गजबजलेलं बंदर. तिथल्या मंडळीला पौलानं इ.स. ५५च्या सुमारास पत्र लिहिलं. त्याच्या ७व्या अध्यायात तो म्हणतो की पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा आहे. एकमेकांपासून दूर राहायचं ते दोघांच्या संमतीनं, आणि तेही काही काळ, प्रार्थनेसाठी. दासीकडे किंवा वेश्येकडे जाणारा नवरा रोमी कायद्यानं व्यभिचारी ठरत नसे. त्या जगात हे दुसरं अर्धं वाक्य ऐकून पुरुषांच्या भुवया उंचावल्या असतील!

पुढे ५व्या शतकाच्या आसपास संत ऑगस्टिननं शिकवलं की संबंध मुलांसाठी असेल तर निर्दोष, नुसत्या सुखासाठी असेल तर लहानसं पाप. मध्ययुगातल्या चर्चच्या कायद्यानं शरीरसंबंधाला पती-पत्नीचं एकमेकांना असलेलं 'देणं' म्हटलं. कागदावर ते दोघांनाही मागता येई. पण देणं म्हटलं की वसुली आली, आणि घरात वसुली कोण करणार हे आपल्याला सांगायला नको. बाईचं सुख मात्र हिशेबात राहिलं नाही. खरं तर जुन्या करारातलं 'गीतरत्न' हे पुस्तक स्त्रीच्याच आवाजात सुरू होतं, आणि तिला आपली ओढ सांगायची लाज वाटत नाही.

इंग्लंडमध्ये लग्नाचे खटले चर्चच्या न्यायालयात चालत. साथ सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला लावण्याचा दावा तिथलाच. १७३६ साली न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात त्यांनी लिहिलं की लग्नात दिलेली संमती बायकोला मागे घेता येत नाही, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा होत नाही. पौलाचं "दोघांच्या संमतीनं" इथे पुरतं गळालं.

हेच इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं. १८६०च्या दंडसंहितेत नवऱ्याला सूट मिळाली. १८६९च्या घटस्फोट कायद्यानं ख्रिस्ती जोडप्यांसाठी नांदायला लावण्याचा दावा आणला. त्याच कायद्यात नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरे होता. बायकोला मात्र बहुतेक वेळा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं काही सिद्ध करावं लागे. नुसता छळ पुरत नसे.

हा दावा ख्रिस्ती घरांपुरता राहिला नाही. मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानं तोच लावला. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला होता. १८८७ साली न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी आपल्या इंग्रजी पुस्तकातून त्यांची हकीकत परदेशी वाचकांपर्यंत पोचवली. १८८८मध्ये तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. गंमत बघा, खुद्द इंग्लंडनं ही तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच रद्द केली होती.

उरलेला अर्धा भाग हळूहळू परत येतो आहे. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध करणारं पत्रक काढलं. त्यावर खूप वाद झाला. पण त्याच पत्रकात त्यांनी हेही लिहिलं की जोडीदाराची अवस्था आणि इच्छा न बघता लादलेला संबंध हे खरं प्रेम नव्हे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १८६९च्या कायद्यातला घटस्फोटाचा भेदभाव घटनाविरोधी ठरवला. २००१च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे एकच कारणही ख्रिस्ती बायकोला पुरतं.

सगळं मिटलेलं नाही. २०२३च्या भारतीय न्याय संहितेतही, बायको १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याची सूट कायम आहे. मात्र २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, मोफत वकील मिळतो, आणि १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करता येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, थकलेल्या, आजारी, बाळंतीण किंवा मन नसलेल्या बाईनं "आज नको" म्हणणं म्हणजे शास्त्र मोडणं नव्हे. "मला हवं आहे" म्हणणंही पाप नव्हे. लेकीला लग्नाआधी तो ७वा अध्याय वाचायला द्या, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही. फक्त पूर्ण वाचायला सांगा.