'बदअमल' या शब्दाविषयीं थोडा विचार

मालवणजवळील कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें. त्या किल्ल्यांत शिवछत्रपतींच्या हाताचे व पायाचे म्हणून चुन्यांत उमटलेले ठसे दाखवितात, व भाविक त्यांपुढें मस्तक नमवितात. ते पाहतांना आम्हांस दुसऱ्याच हातापायांची आठवण झाली. इ. स. १६४६ च्या जानेवारींतील शिवाजी महाराजांच्या पत्रांत रांझे गांवचा मुकादम बावाजी गुजर याचे हातपाय तोडल्याचा उल्लेख आहे.

बावाजीनें एका स्त्रीवर बलात्कार केला, अशी या प्रकरणाची सर्वत्र प्रसिद्धि आहे. पत्रांत मात्र 'बदअमल' एवढाच शब्द असून, तो मुकादमी करीत असतां घडला असें म्हटलें आहे. 'अमल' म्हणजे अधिकार व त्याचा वापर. तेव्हां गुन्हा बलात्काराचाच धरला, तरी पत्रकर्त्यानें तो क्षणिक विकाराचा प्रमाद न मानतां अधिकाराचा दुरुपयोग मानला, असें आमचें मत आहे. गांवावर चालणारी सत्ता बायकांच्या देहावरही चालते, ही जी पुरुषी समजूत, तिच्यावरच हा घाव होता.

पुढें पाटीलकी त्याच गोतांतील सोनजी गुजर यास मिळाली व पंगु बावाजी त्याच्या स्वाधीन झाला. म्हणजे अपराध्याची व्यवस्था लागली. स्त्रीचें नांव मात्र पत्रांत नाहीं.

उत्तरकालीन लेखकांनीं तिला अधिकच दूर सारलें. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या कथेस समकालीन आधार नाहीं. तरी परस्त्रीस सन्मानानें परत पाठविणारा वीर, हेंच पौरुषाचें चित्र तिनें रूढ केलें. वि. दा. सावरकरांनीं 'सहा सोनेरी पाने' या ग्रंथांत याच वर्तनास सद्गुणविकृतींत गणलें. निष्कर्ष उलट, पण दोहोंकडे स्त्री ही पुरुषांच्या आपसांतील मानापमानाचें माप ठरली. शत्रुपक्षीय खाफीखानही स्त्रियांस उपद्रव न देण्याचा महाराजांचा नियम मान्य करतो. परंतु धरलेल्या स्त्रिया आप्तांनीं खंड भरून सोडविल्याचेंही तोच लिहितो.

पेशवाईच्या दप्तरांत तर 'बदकर्मा'च्या आरोपावरून स्त्रियांनाच कुणबिणी करून किल्ल्यांवर कामास लावल्याच्या नोंदी सांपडतात. शब्दांतला फरक लहान दिसतो. पण 'बदअमल' म्हटलें कीं जाब अधिकाऱ्यास विचारला जातो, 'बदकर्म' म्हटलें कीं बहुधा स्त्रीस.

असो. मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या बाजूच्या ज्या घराण्यांत जुनीं दप्तरें आहेत, त्यांस आमची विनंति इतकीच कीं, अशा मजकुराचे कागद कुलास कमीपणा येतो म्हणून बाजूस सारूं नयेत. तक्रार, जबानी, गुन्हेगारीचा आकार, जें असेल तें जसेंच्या तसें नकलून घ्यावें. वीरांचे ठसे जपणारे हात पुष्कळ आहेत. फिर्यादी स्त्रीचें नांव एखाद्या कागदांत उरलें असेल, तर तेंही कोणीतरी जपलें पाहिजे.