त्र्याहत्तरचा मे, मुक्काम घोडेगाव

नगरहून सुटलेली एसटी इमामपूरचा घाट उतरते, पांढरीचा पूल मागं टाकते आणि घोडेगावच्या थांब्यावर तुम्हाला उतरवून औरंगाबादच्या दिशेनं निघून जाते. धुरळा खाली बसेपर्यंत डोळे मिटून घ्या. उघडाल तेव्हा ओळखीचं काही शोधू नका. कांद्याच्या गोण्या लादलेले ट्रक, जनावरांच्या बाजारातल्या म्हशींच्या रांगा, शनिदर्शनाला वळणाऱ्या गाड्या, हे सगळं नजरेआड करा. सोनईला साखर कारखान्याची चिमणी अजून उभी राहिलेली नाही. मुळेचं पाणी पाटानं शिवारात खेळायला अजून अवकाश आहे. साल 1973, महिना मे, आणि सकाळचे आठ वाजायच्या आतच ऊन डोक्यावर घ्यावं लागतंय.

समोर शिवार पसरलंय. काळीभोर जमीन, हातभर खोल भेगा पडलेली. एखाद्या भेगेत काठी घालून बघा, तळ लागत नाही. बांधावरच्या लिंबाला फांद्या उरलेल्या नाहीत. शेळ्यांसाठी लोकांनी तो बुंध्यापर्यंत छाटत आणलाय. हा सह्याद्रीच्या पाठीकडचा मुलूख. चांगल्या वर्षीसुद्धा इथं पाचशे-सहाशे मिलिमीटरच पाऊस, आणि तोही मर्जीनं पडणारा. त्यातून लागोपाठची वर्षं तुटीची गेली. सत्तर-एकाहत्तर ओढाताणीत गेलं, पुढचं वर्ष त्याहून वाईट, आणि बहात्तरला तर मिरग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. बाजरी हाती आली नाही. रब्बीची ज्वारी पेरायला जमिनीत ओलच नव्हती. बैल विकायला काढले तर गिऱ्हाईक कसायाशिवाय दुसरं नाही.

वेशीतून आत या. घरं दगड-मातीची, वर धाब्याची पांढरी माती. ओसरीवर म्हातारी माणसं आणि अगदी तान्ही पोरं, बाकी गाव रिकामं. एका घरात डोकावलात तर कोपऱ्यातली कणगी दिसेल. शेणानं सारवलेली, नीटनेटकी, आणि आत हात घातला तर बोटांना नुसती तूस. म्हातारी तुम्हाला बघून पदर सावरते.

"बसा पाव्हणं. पानी देते. भाकरीचं मातर विचारू नगा."

पुढं पन्नास वर्षं या भागातली जुनी माणसं एक वाक्य हमखास सांगत आली: बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, आता दाणा आहे पण पाणी नाही. त्यात बरंच तथ्य आहे. तेव्हाच्या विहिरी उथळ, उपसा मोटेचा नाहीतर एखाद्या ऑइल इंजिनाचा, त्यामुळं जमिनीच्या पोटातलं पाणी कुणी खरवडून काढलेलं नव्हतं. कातळात शेकडो फूट खाली जाणाऱ्या बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या त्या या दुष्काळानंतर. पण मे महिन्यातल्या विहिरीशी एकदा स्वतः जाऊन उभे राहा. आत वाका. तळाशी दहा-अकरा वर्षांची एक पोर बसलेली आहे. तिच्या हातात जर्मनची वाटी. कपारीतून झरा पाझरतो, वाटी भरते, ती हंड्यात ओतते, पुन्हा वाटी लावते. वरून आई विचारते, "झाला का गं?" खालून उत्तर येतं, "आर्धा झालाय." हंडा भरला की दोराला झटका. 'पाणी होतं' असं आठवणीत म्हणायला सोपं जातं. ते असं होतं.

गाव रिकामं का, याचं उत्तर आवाजाच्या दिशेनं चालत गेलात की मिळतं. टण्, टण्, टण्. एक नाही, शेकडो हातोड्यांचा. माळावर रस्त्याचं दुष्काळी काम निघालंय. पुरुष पहारीनं आणि सुरुंगानं काळा पाषाण मोकळा करतायत, पोरं तो पाट्यांतून वाहतायत, आणि बायका ओळीनं बसून खडी फोडतायत. एकीच्या शेजारी बसा. डाव्या हाताच्या बोटांना तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्यात, तरी अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. दगड कसा फुटतो हे ती तुम्हाला दाखवते. मधोमध मारलं तर हातोडी उडते आणि मनगट झिणझिणतं. दगडाची शीर बघायची, त्या रेषेवर नेमका घाव घालायचा. मग तो एका फटक्यात दोन होतो. कपरी उडते तेव्हा ती डोळे मिटत नाही, मान तेवढी वळवते. तिच्या मागं बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू. दर थोड्या वेळानं ती हातोडी न थांबवता पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी ओढते आणि झोळी हलते.

तिची जमीन किती, असं विचारलंत तर ती सांगते, आठ एकर. घाबरून जाऊ नका, तुम्ही बरोबर ऐकलंत. या ओळीत भूमिहीन मजुराची बायको आहे, बलुतेदाराची सून आहे आणि घरात दोन बैलजोड्या असलेली पाटलीणही आहे. एरवी जी माणसं एका पाणवठ्यावर आली नसती ती एका खडीच्या ढिगाशी बसलीत. दुष्काळानं जात मोडली असं मी म्हणणार नाही. पाणक्याच्या घागरीपाशी कोण ओंजळ धरतं आणि कुणाच्या हाती भांडं मिळतं, हे थोडं थांबून बघितलंत तर जात जिथल्या तिथं आहे हे कळेल. पण पाटलिणीची खडी आणि तिच्या सालगड्याच्या बायकोची खडी एकाच मापानं मोजली जाते, हे या गावानं पहिल्यांदाच बघितलं, आणि ते विसरणं कुणालाही सोपं जाणार नाही.

दुपारी सुट्टी होते. फडकी सोडली जातात. भाकरी लाल आहे. अमेरिकेतून आलेला मिलो रेशनच्या दुकानात मिळतोय, तिथं तो जनावरांना घालतात असं कुणी तरी शिकलेल्या पोरानं सांगितलंय, आणि ते खरं आहे. भाकरी थापताना पीठ धरत नाही, कडा फाटतात. तोंडात घातली की घशात रेंगाळते. सोबत चटणी, क्वचित कांद्याची फोड. पोरांसाठी सुकडी वाटतात, भाजक्या पिठाची, गुळाच्या चवीची. ती घ्यायला पोरं ओळीत उभी राहतात आणि बऱ्याच जणी आपला वाटा न खाता पदराला बांधून घरी नेतात. रानातला बरबडा झोडून त्याच्या बियांचं पीठ करून खाल्ल्याचंही कुणी सांगतं, पण हळू आवाजात. भूक सांगायला लाजण्यासारखी आहे असं या माणसांना वाटतं.

इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. त्या गावातल्या घरांना याही उन्हाळ्यात कवाडं नाहीत. दाण्यादाण्याला महाग झालेल्या मुलखात एक गाव दारं न लावता झोपतंय, याचं नवल मला आजही वाटतं.

आता थोडं आणखी मागं सरका. माळ हाच, ऊन हेच, साल 1877. दख्खनवर तेव्हाही दुष्काळ कोसळलाय. सरकारनं कामं काढलीत, पण खर्च वाचवायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं पुरुषाची मजुरी ठरवली आहे दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. दिवसभर दगड फोडणाऱ्या देहाला एवढ्यात जगता येत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. हजारो माणसं कामं सोडून उठली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच दुष्काळाच्या मजुरीवर उभा राहिला आणि 1878 मध्ये सुरू झाला. त्या रुळांखाली कितीतरी उपाशी हात आहेत. आणि त्या वेळी माणसं मेली. गावंच्या गावं ओस पडली.

1973 मध्ये तसं झालं नाही. म्हणून हा मे महिना मी तुम्हाला दाखवायला आणलाय. या महिन्यात महाराष्ट्रभर जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर आहेत. मजुरी तुटपुंजी, दोन-तीन रुपयांच्या घरातली, कधी पंधरवडाभर रखडलेली. सावली नाही, औषध नाही. तरीही हे काम कुणी दान म्हणून दिलेलं नाही. तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे गेले, मामलेदारांना घेराव पडले, आणि मागणी धान्याच्या भिकेची नव्हती. 'काम द्या' अशी होती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला 1965 मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. बहात्तरनं त्या प्रयोगाला राज्याची योजना केलं. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि 2005 मध्ये देशानं तोच विचार उचलला. तुमच्या पगारातून महिन्याला कापला जाणारा व्यवसाय कर याच रोजगार हमीच्या खर्चासाठी 1975 मध्ये सुरू झाला. मुंबईच्या कचेरीतला कारकून आणि घोडेगावच्या माळावरची ही बाई त्या कापलेल्या पैशानं एकमेकांशी बांधली गेली. कायद्याचा मसुदा मंत्रालयात लिहिला गेला खरा, पण त्यातला मजकूर या बायकांनी आधी माळावर गिरवलेला आहे.

खडी फोडणारीला विचारा, पाऊस का पडला नाही? ती वर बघते. "त्येच्या मनात न्हवतं." तिला दोष देऊ नका. पेरूच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी तापलंय, तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यातून मासळी नाहीशी झाली आहे, हे तिला कुठून कळावं? त्याच तापलेल्या समुद्रानं इंडोनेशियाचाही पाऊस लांबवला. बहात्तरच्या अखेरीस तिथं तांदूळ इतका महागला आणि सरकारी कोठारं इतकी रिकामी झाली की परदेशातून मिळेल तिथून खरेदी करायची वेळ आली. जावाच्या किनाऱ्यावरचं एखादं लहानसं गाव डोळ्यांपुढं आणा. बांबूच्या भिंती, ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या. समुद्र दारात आहे, पण ताटातला भात तर मागच्या खाचरांतूनच यायचा. मासळी विकून आलेल्या पैशात कालचा तांदूळ आज बसत नाही. तिथल्या कोळणीनं आयुष्यात माळ पाहिलेला नाही, आणि इथल्या बाईनं समुद्र. तरी दोघींच्या चुलीवर एकाच हवेनं घाला घातलाय. गंमत अशी की या हवेचा माग पहिल्यांदा काढला तो आपल्याच देशाच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी. 1904 ते 1924 या काळात ते इथं होते. भारताचा पाऊस दूरवरच्या प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाशी जोडलेला आहे हे आकडे मांडून त्यांनी दाखवलं. ते ज्ञान अहवालात पोचलं. घोडेगावात पोचायला आणखी कितीतरी वर्षं जावी लागली, आणि तोवर शेतकऱ्याकडं पंचांग होतं.

उन्हं कलली. आज पगार. रस्त्याच्या कडेला एक टेबल, त्यावर हजेरीपट, शाईची डबी, दगडाखाली दाबून ठेवलेल्या नोटा. माणसं गोल करून बसलीत. मुकादम नाव पुकारतो, माणूस पुढं येतो, अंगठा उमटवतो, पैसे मोजून घेतो. ज्याला मोजता येत नाही तो शेजाऱ्याकडून मोजून घेतो. झोळीवालीचं नाव येतं. ती उठते, अंगठा पुढं करण्याआधी विचारते, "किती लावलं?" कारकून आकडा सांगतो. ती हात मागं घेते.

"माझा ढीग परत मोजा, सायेब."

कारकून वैतागतो. एकदा मोजलंय, आता अंधार पडेल, मागं दीडशे माणसं आहेत. ती जागची हलत नाही. मागच्या ओळीतली पाटलीण उठून तिच्या शेजारी उभी राहते, मग आणखी दोघी. गलका वाढायच्या आत मुकादम लाकडी चौकट उचलून ढिगाकडं जातो. ती स्वतः खडी भरते, माथा हातानं सारखा करते, एकेक माप मोठ्यानं मोजते, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. पाटलिणीचे ओठ तिच्याबरोबर हलतात. हिशेबात एक माप कमी धरलं होतं. कारकून आकडा खोडतो, नवा लिहितो. ती पैसे कनवटीला लावते आणि तिथंच उभी राहते.

"आता काय?" कारकून विचारतो.

"उद्यापास्नं माझ्या जावंचं बी नाव घाला. ती घरात बसून हाये. काम मागतीय."