नामकरण, नकाशा आणि स्वामित्व : ऑस्ट्रेलिया खंडाच्या संदर्भात

प्रस्तावना : युरोपीय दर्यावर्दींनी अपरिचित भूप्रदेशांना दिलेली नावे ही केवळ भौगोलिक सोय नव्हती. नामकरण हे स्वामित्वाच्या दाव्याचे पहिले पाऊल होते. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलिया खंडाच्या संदर्भात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

कल्पनेतील खंड : दक्षिण गोलार्धात विशाल भूखंड असलाच पाहिजे, अशी युरोपीय भूगोलवेत्त्यांची धारणा होती. ऑर्टेलियसच्या १५७० च्या जागतिक नकाशात असा दक्षिण भूखंड दाखविलेला आढळतो. म्हणजेच १६०६ मध्ये डच दर्यावर्दी यान्सझोन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच नकाशावर 'टेरा ऑस्ट्रॅलिस' अवतरले होते. पुढे टास्मानच्या १६४२ व १६४४ च्या सफरींनंतर डचांनी या भूमीस 'न्यू हॉलंड' म्हटले.

नावे आणि दावा : २२ ऑगस्ट १७७० रोजी जेम्स कुकने पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे घोषित केला व त्यास 'न्यू साउथ वेल्स' हे नाव दिले. याच सफरीत 'एन्डेव्हर' जहाज दुरुस्तीसाठी एका नदीच्या मुखाशी काही आठवडे थांबले होते. तेथील गुगु यिमिथिर भाषेतील 'गंगुरू' हा शब्द टिपून घेतला गेला व 'कांगारू' या रूपाने जगभर रूढ झाला. नदीला मात्र जहाजाचेच नाव मिळाले. प्राण्याचे नाव स्थानिकांना विचारले गेले. भूमीवर मात्र परके नाव लादले गेले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२-०३ मध्ये खंडप्रदक्षिणा केली, तेव्हा बंगारी हा आदिवासी दुभाषक व मध्यस्थ त्याच्यासोबत होता. फ्लिंडर्सने पसंत केलेल्या 'ऑस्ट्रेलिया' या नावाची शिफारस १८१७ मध्ये गव्हर्नर मॅक्वारी याने केली.

समारोप : मूळ रहिवाशांच्या नावांना नकाशावर स्थान न मिळाल्याने भूमी 'अस्वामिक' असल्याच्या समजास बळ मिळाले. एडी माबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेर बेटासंबंधी दिलेल्या लढ्यात, १९९२ मध्ये, तेथील उच्च न्यायालयाने ही कल्पना फेटाळली. १८७३ मध्ये 'एअर्स रॉक' असे नामकरण झालेल्या प्रचंड शिळेस १९९३ मध्ये दुहेरी नाव मिळाले, तर २००२ पासून त्यात 'उलुरू' हे मूळ नाव प्रथम येते. नकाशावरील नाव बदलणे हा म्हणूनच भूगोलाइतकाच न्यायाचाही प्रश्न ठरतो.