आनापानसती

आनापानसती : आपोआप चालणाऱ्या श्वासावर सलग लक्ष ठेवण्याची बौद्ध ध्यानपद्धती. सध्या मन शांत करण्यासाठी श्वासाच्या ध्यानाचे जे अनेक प्रकार शिकवले जातात, त्यांतील बऱ्याच प्रकारांचे मूळ हिच्यात आहे. पाली त्रिपिटकातील मज्झिमनिकायाचे ११८ वे सुत्त याच विषयावर आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, वर्षावास संपल्यानंतरच्या पौर्णिमेच्या रात्री, बुद्धांनी भिक्षुसंघाला हा उपदेश केल्याचे त्यात सांगितले आहे.

सुत्तात १६ पायऱ्या आहेत. शरीर, वेदना (सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धर्म (मनाचे विषय) असे त्यांचे चार-चारांचे गट पडतात. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे, एवढेच पहिल्या दोन पायऱ्यांत करायचे असते. शरीर शांतवण्याचा उल्लेख चौथ्या पायरीवर येतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. बसल्या बसल्या शांतता मिळवण्याच्या मागे लागणारा साधक श्वास ओढू-ताणू लागतो आणि काही मिनिटांतच थकतो. प्राणायामापासून ही पद्धत वेगळी पडते ती इथेच. प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणे, रोखणे, सोडणे) यांचे प्रमाण ठरवून श्वासावर ताबा मिळवला जातो. इथे श्वास जसा असेल तसा राहू द्यायचा असतो.

पाठ ताठ, पण अंग सैल ठेवून मांडी घालून किंवा खुर्चीवर बसतात, डोळे मिटतात आणि नाकाने श्वास घेतात. आत जाणारी हवा किंचित गार, बाहेर येणारी किंचित उबदार लागते. हा स्पर्श नाकपुड्यांच्या कडांना किंवा वरच्या ओठावर जाणवतो. तिथेच लक्ष टिकवायचे. मन भटकणारच. ते भटकल्याचे ध्यानात आले की स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासाकडे यायचे. असे पुन्हापुन्हा परतणे हाच खरा अभ्यास आहे. मन भटकले म्हणून बैठक वाया जात नाही. म्यानमारच्या महासी सयाडो यांच्या परंपरेत नाकाऐवजी पोटाचा चढउतार पाहतात.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने रचलेल्या ‘विसुद्धिमग्गा’त नवशिक्यासाठी श्वास मोजण्याची रीत दिली आहे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये, दहाच्या पुढे नेऊ नये, मध्ये आकडा गाळू नये. आणि सुरुवातीला माप भरून धान्य मोजणाऱ्याच्या संथपणाने मोजावे. स्पर्शाची जागा लांब नाकाच्या माणसाला नाकपुडीशी आणि आखूड नाकाच्याला वरच्या ओठावर सापडते, इतका बारकावा या ग्रंथात आहे. अभ्यास वाढला की श्वास जाणवेनासा होतो, ही अवस्थाही त्याने सोडलेली नाही. अशा वेळी घाबरून आसनावरून उठू नये; श्वास चालूच आहे हे ओळखून नेहमीच्या स्पर्शाच्या जागी लक्ष धरून थांबावे, असे तो सांगतो. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी हा ग्रंथ देवनागरीत संपादित केला (१९४०), तसेच ‘समाधिमार्ग’ हे मराठी पुस्तक लिहिले.

महाराष्ट्रात ही साधना घरोघरी पोहोचली ती मुख्यतः सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्यामुळे. म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरे होतात. दहा दिवसांच्या मौन शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान असते. विपश्यना, म्हणजे अंतर्दृष्टीची साधना, चौथ्या दिवशी शिकवतात. राज्यातील अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’खाली मुलांकडून रोज काही मिनिटे आनापान करून घेतले जाते. मुलांना तत्त्वज्ञानाचे ओझे न देता थेट श्वास दाखवला जातो, हे फार चांगले आहे.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात धार्मिक चौकटीबाहेरचा आठ आठवड्यांचा ताणनिवारण कार्यक्रम सुरू केला; त्यात श्वासाकडे लक्ष देण्याला मोठे स्थान आहे.

विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. या मंदावण्यात व्हेगस मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. स्वस्थ बसल्यावर श्वास आपसूक संथ होतो, उच्छ्वास लांबतो आणि शरीर सैलावते. चिंता व ताण कमी होण्यास अशा ध्यानाची मदत होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परिणाम मात्र मध्यम असतो आणि सर्वांना सारखा मिळत नाही.

काहींना श्वासाकडे लक्ष देताच उलट धडधड वाढल्यासारखे वाटते. भीतीचे झटके येणाऱ्यांना किंवा तीव्र मानसिक आघातातून गेलेल्यांना असे होऊ शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांच्या स्पर्शाकडे किंवा आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष द्यावे, बैठक लहान ठेवावी आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.