देणगी आणि ठेव

‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मी अर्थशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. जुन्या उद्योगांचे इतिहास वाचता वाचता मात्र वाटू लागले, की प्रश्न स्वभावाचा कमी आणि बचतीचा जास्त आहे. शेजाऱ्याच्या कारखान्यात आपला पैसा कोणत्या नावाने जातो, हे पाहिले पाहिजे.

अहमदाबादची पहिली कापडगिरणी १८६१ साली सुरू झाली. ती काढणारे रणछोडलाल छोटालाल हे व्यापारी घराण्यातले नव्हते. ते नागर ब्राह्मण, आणि आधी सरकारी नोकरीत होते. म्हणजे ‘धंदा रक्तात असावा लागतो’ हा सिद्धान्त तिथेच डळमळतो. त्यांच्याभोवती होते ते सराफांचे आणि महाजनांचे शहर. पुढे तिथल्या गिरण्या बँकांपेक्षा लोकांच्या ठेवींवर चालू लागल्या. मध्यमवर्गीय कुटुंबे आपली शिल्लक ओळखीच्या शेठच्या गिरणीत व्याजाने ठेवत. या व्यवस्थेत धोका होता. अफवा उठली की ठेवी परत मागितल्या जात. हा विश्वास जातीपातीच्या ओळखीवर उभा होता, आणि त्यात गिरणी कामगाराला जागा नव्हती, हे १९१८च्या संपाने दाखवले. तरीही शेठच्या भरभराटीत आपलेही काही आहे, असे हजारो घरांना वाटत होते.

दख्खनचा अनुभव वेगळा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि हे लोण अनेक गावांत पसरले. माणसांपेक्षा कागदांवरचा राग मोठा होता. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. इथल्या कुणब्याने हिशेबाची वही पाहिली होती ती जमीन गिळताना. पांढरपेशा वर्गाची मदार पगारावर, आणि त्याची शिल्लक सोन्यात किंवा जमिनीत. अशा प्रदेशात वहीवर विश्वास कोण ठेवणार?

लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे हीच भिंत होती. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेमुळे सोडावी लागली. त्यांना आसरा दिला तो औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आप्तमित्रांनीही हात दिला. पण जो भार अहमदाबादेत शहराने उचलला, तो इथे एका छोट्या संस्थानिकाने उचलला.

मग मराठी समाजाने पैसा दिलाच नाही का? दिला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडासाठी माणशी एक पैसा गोळा झाला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण तो पैसा देशकार्याला दिलेली वर्गणी होता. वर्गणी देणारा परतावा मागत नाही, म्हणून हिशेबही मागत नाही. कारखाना चालला तर त्याला आनंद होतो, बुडाला तर हळहळ वाटते. दोन्ही वेळा त्याची चूल तशीच पेटते. ठेवीदार मात्र गिरणीच्या भोंग्याकडे कान लावून असतो.

त्याग आपल्याला लवकर कळला. नफा हीही सचोटीची गोष्ट असू शकते, हे कळायला वेळ लागला. उद्योजक वाखाणायचा तो त्याच्या कष्टांसाठी आणि साधेपणासाठी. त्याने पैसा मिळवला हे मात्र जरा दबक्या आवाजात सांगायचे, ही आपली रीत झाली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अहमदाबादच्या पेढीवर चोपड्यांची पूजा होते. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांतही वहीपूजन आहेच. पण बहुतेक मराठी घरांत पाटावर असतात नाणी, दागिने आणि नवी केरसुणी. पूजा झाली की नाणी पुन्हा डब्यात जातात.